मधल्या किमतीची दुर्बीण

एप्रिलमधल्या एका बुधवारी, जिल्हा कचेरीतल्या आपल्या खिडकीमागे बसल्या बसल्या वेंडेल क्वामला कळलं की एल्कच्या, म्हणजे त्या थोरल्या हरणांच्या, शिकारीच्या परवान्याच्या सोडतीत त्याचं नाव निघालंय. त्या वेळी समोर एक माणूस ट्रकच्या नंबरप्लेटचा अर्ज घेऊन उभा होता. वेंडेलने त्याचा अर्ज एकही चूक न काढता शिक्का मारून परत दिला. एकोणीस वर्षांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. तो माणूस दारापर्यंत गेला, अर्जाकडे पाहिलं, परत आला आणि काळजीने म्हणाला, "साहेब, तब्येत बरी आहे ना?"

तब्येत बरी कशी असेल? वेंडेल सोळा वर्षं हा परवाना मागत होता. 'एकटी घोडी' नावाच्या डोंगरामागे जे एल्क राहतात ते घोड्याएवढे असतात, शिंगं डोक्यावर सुकलेलं झाड बांधल्यासारखी, आणि तिथे नर मारायचा परवाना वर्षाला मोजक्या माणसांनाच मिळतो. मोंटाना राज्यात ज्यांना तो मिळतो त्यांच्याकडे लोक लग्न ठरलेल्या मुलीकडे पाहावं तसं पाहतात. कौतुकाने, आणि आता हिचं कसं होणार या विचाराने.

वेंडेलच्या बाबतीत दुसरी भावना जास्त होती, आणि त्याला कारण होतं. गेल्या हंगामात दुसऱ्याच्या परवान्यावर सोबत गेला असताना त्याने डोंगराच्या कड्यावरून एक नर हेरला होता. बरोबरच्या तिघांना हाताने खूण करून त्याने पोटावर आडवं पाडलं, आणि चौघं बर्फात चाळीस मिनिटं श्वास रोखून पडून राहिले. नर हलेना. मग एक कावळा येऊन त्याच्या डोक्यावर बसला आणि त्याने चोचीने डोक्याचा एक तुकडा उपटला. ते जळकं खोड होतं. तेव्हापासून गावात कुणी कुठेही खोड पाहिलं की म्हणे, "वेंडेलला कळवा."

म्हणून दुर्बीण. कायदाही तसाच कडक होता. नराच्या शिंगाच्या खालच्या अर्ध्या भागाला किमान चार इंचांचं टोक फुटलेलं दिसलं तरच बार टाकायचा, नाहीतर दंड आणि बदनामी. ते चार इंच अर्ध्या मैलावरून मोजायचे तर खोड आणि एल्क यांतला फरक आधी कळायला हवा, एवढं वेंडेलही मान्य करत होता.

"घे मग एखादी," त्याची बायको लोरेटा म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती, रोज तीनशे पोरांना जेवू घालायची, आणि कुठल्याही विषयावर एका वाक्यापेक्षा जास्त बोलणं तिला वेळेची नासाडी वाटे.

"एखादी नाही. मधली," वेंडेल म्हणाला.

मधली वस्तू घेणं हा वेंडेलचा जवळजवळ धर्म होता. दुकानात तीन वस्तू असल्या की तो मधली घ्यायचा. वरची घेतली तर लोक म्हणतात याला पैसा जड झालाय, खालची घेतली तर म्हणतात याचं काही खरं नाही. मधलीबद्दल कुणीच काही म्हणत नाही. आणि कुणीच काही न म्हणणं, यासारखं सुख नाही. फ्रिज मधला, गाडी मधली, वडिलांची शवपेटीसुद्धा मधल्या लाकडाची. वडील काही म्हणाले नाहीत.

बातमी फुटायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. शेजारचा आर्विड लाहती कुंपणापाशी येऊन उभा राहिला. आर्विड शहात्तर वर्षांचा, रेल्वेतून निवृत्त झालेला, आणि सल्ला द्यायला कुणी नसेल तर आपल्या कुत्र्याला देणारा.

"पोरा, दुर्बिणीत आणि दातांत काटकसर करू नये," तो म्हणाला. "सगळ्यात महागडी घे."

"तुमची केवढ्याला पडली?"

आर्विडने इकडेतिकडे पाहिलं. ही किंमत त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. ती गेल्यावर मात्र दफनभूमीत जाऊन सांगून आला होता. "ती काय बोलली असती, या विचाराने पंधरा दिवस जेवण गेलं नाही," तो म्हणाला. वेंडेललाही किंमत त्याने सांगितली नाहीच.

शनिवारी वेंडेल डेल्मारच्या दुकानात गेला. डेल्मार बंदुका, गळ, बूट आणि दुर्बिणी विकायचा. एवढा मऊ बोलायचा की गिऱ्हाईक नकळत पुढे झुकायचं आणि झुकल्यावर काचेच्या कपाटातला माल आपोआप दिसायचा.

"मधली दाखव," वेंडेल म्हणाला.

"मधली म्हणजे?"

"सगळ्यात स्वस्त केवढ्याची?"

"साठ डॉलर."

"आणि सगळ्यात महाग?"

"तीन हजार."

वेंडेलने मनातल्या मनात दोन्हींचा मध्य काढला आणि काउंटर धरलं. पंधराशे! त्याच्या डोक्यात दोनशेचा आकडा होता. डेल्मारने त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि हळुवारपणे सांगितलं की दुर्बिणीच्या जगात मधली म्हणजे साडेतीनशेपासून आठशेपर्यंत. त्यातही खालची मधली, मधली मधली आणि वरची मधली असे पोटभेद आहेत. मग आठपट मोठं दाखवणारी की दहापट? आठाची घेतली तर चित्र स्थिर, दहाची घेतली तर चित्र मोठं पण हात थरथरला की एल्कसुद्धा थरथरतो. वेंडेल अडीच तास बसला. शेवटी मधली मधली घ्यायचं ठरलं, आठाची.

"घरी ने. संधिप्रकाशात तपासून पाहा. खरी परीक्षा तेव्हाच," डेल्मार म्हणाला. "नाही पटली तर परत आण." हे वाक्य त्याने पुढे फार वेळा आठवलं असणार.

वेंडेलच्या मागच्या अंगणातून ओढ्यापलीकडचं चर्च दिसायचं. चर्चसमोर अक्षरं बदलता येणारा फलक होता. वेंडेल अंगणात खुर्ची टाकून बसला, दिवस कलला तशी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि जागीच ताठ झाला. उजव्या नळीत धुकं होतं. डावा डोळा मिटला की सगळं जग दुधात बुडवलेल्या बिस्किटासारखं.

नवीकोरी वस्तू, आणि आत धुकं! वेंडेलला धक्का बसला, पण असल्या धक्क्यात थोडा आनंदही असतो. आपल्याला चूक सापडली, हा. सोमवारी त्याने दुर्बीण परत केली आणि सोबत कंपनीला सात कलमी पत्र दिलं. डेल्मारने मुकाट्याने दुसरी दिली. त्याही दुर्बिणीच्या उजव्या नळीत धुकं. वेंडेलने अकरा कलमी पत्र दिलं. तिसरी दुसऱ्या कंपनीची, वरच्या मधलीतली. उजव्या नळीत धुकं.

"हा सगळ्या धंद्याचाच घोटाळा आहे," वेंडेल जेवताना म्हणाला. "डावी नळी नीट करतात, उजवीत मारतात. गिऱ्हाईक दोन्ही डोळ्यांनी पाहतं, कळत नाही."

"अस्सं," लोरेटा म्हणाली, आणि त्याने मिठाऐवजी साखर घातलेले बटाटे त्याच्यापुढून उचलून दुसरे वाढले.

तिसऱ्या दुर्बिणीबद्दलही अकरा कलमी पत्र गेलं, आणि जूनही गेला. कंपन्यांची उत्तरं आली. दोन वेगवेगळ्या कंपन्या, पण मजकूर एकच: तपासणी केली, दोष आढळला नाही. वेंडेलचा संताप अनावर झाला. आयुष्यभर लोकांना 'आपल्या अर्जात त्रुटी आहे' असं कळवलेल्या माणसाला कुणीतरी 'त्रुटी नाही' असं कळवत होतं! डेल्मारचा आवाज आता इतका मऊ झाला होता की ऐकूच येत नव्हता. दुकानात वेंडेल शिरताना दिसला की तो मागच्या खोलीत जाऊन गळ मोजायचा.

शेवटी वेंडेलने साक्षीदार बोलावला. आर्विड कुंपण ओलांडून आला. तिसरी दुर्बीण डोळ्यांना लावून त्याने उजव्या नळीतून पाहिलं, मग डाव्या, मग परत उजव्या.

"स्वच्छ आहे की."

"स्वच्छ? तो फलक वाचा बरं."

"रविवारी धिरड्यांची न्याहारी. देव सगळं पाहतो." आर्विडने दुर्बीण खाली केली, डोळे बारीक केले आणि नुसत्या डोळ्यांनी खालचा फोन नंबरही वाचला.

वेंडेलने दुर्बीण घेऊन डावा डोळा मिटला. त्याला देव दिसला, पण पुढचं काही दिसेना.

एखाद्याला इथे शंका आली असती. वेंडेललाही आली, पण आर्विडबद्दल. शहात्तर वर्षांचा माणूस दर रविवारी त्याच चर्चमध्ये जातो, फलक पाठ असणारच. आणि धुकं दिसत नाही म्हणजे काय? धुकं न दिसण्याइतकी नजर गेलीय! तरीही म्हातारा गाडी चालवतो, बंदूक बाळगतो. वेंडेलचं मन खरोखर हेलावलं. त्याने फोन करून चाळीस मैलांवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीची वेळ घेतली, आर्विडच्या नावाने.

"मला काय झालंय?" आर्विड म्हणाला.

"माझ्यासाठी चला. एकदा दाखवून टाकू."

"परत येताना जेवण तुझं?"

"माझं."

फुकटचं जेवण मिळणार असेल तर आर्विड दातही काढून घ्यायला तयार होता. ऑगस्टच्या एका सकाळी दोघं निघाले. वेंडेल गाडी चालवत होता. दहा मैलांवर आर्विडने दाराची मूठ धरली.

"वेंडेल, तू मधल्या पिवळ्या रेघेवरून चालवतोयस."

"तुम्हाला तसं दिसतंय," वेंडेल मायेने म्हणाला. "त्यासाठीच चाललोय आपण."

डॉक्टरीण पस्तिशीची होती, पण वागण्यात पन्नाशीची. तिने आर्विडला तपासलं, अंधाऱ्या खोलीत नेलं, बाहेर आणलं आणि म्हणाली, "आजोबा, अशी नजर माझ्याकडे महिन्यातून एकदा येते. तिशीच्या पायलटांची." आर्विड नव्या नवऱ्यासारखा लाजला. मग ती वेंडेलकडे वळली. "तुम्ही आलाच आहात, तर बसा."

"मी यांना सोबत म्हणून आलोय."

"बसा तर."

वेंडेल बसला. तिने उजव्या डोळ्यात प्रकाश टाकला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही. डॉक्टर गप्प झाला की माणसाला आपण केलेली सगळी पापं क्रमाने आठवतात.

"धुकं कधीपासून आहे?" तिने विचारलं.

"दुर्बिणीत?"

"डोळ्यात."

पिकलेला मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्यात चांगला घट्ट, बरीच वर्षं जुना. डाव्यात सुरुवात, पण रंग बदलून दिसण्याइतकी. "आश्चर्य आहे, तुम्हाला कळलं कसं नाही," ती म्हणाली. वेंडेल भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे पाहत राहिला. दोन कंपन्या, तीन दुर्बिणी, एकंदर एकोणतीस कलमं. आणि ते खोड! चाळीस मिनिटं!

परतताना गाडी आर्विडने चालवली. जेवण झालं, तीस मैल झाले, पण तो एक अक्षर बोलला नाही. हे जास्त वाईट होतं. आर्विडने टोमणा मारला असता तर निदान वेंडेलला चिडता आलं असतं. गावाची पाटी दिसल्यावर मात्र म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "डेल्मारला तू सांगणार की मी सांगू?"

वेंडेलने स्वतः सांगितलं. डेल्मार हसला नाही. तो मागच्या खोलीत गेला, बराच वेळ तिथेच राहिला, लाल डोळ्यांनी परत आला आणि त्याने एक छोटी नळकांडी काउंटरवर ठेवली. एकाच डोळ्याने पाहायची, एकनळी दुर्बीण.

"निम्मी किंमत," तो हळुवारपणे म्हणाला. "सध्या तुला एवढीच पुरेल."

वेंडेल नळकांडी परत त्याच्याकडे सरकवून बाहेर पडला.

पण वेंडेल क्वाम नियमाने चालणारा माणूस होता. डॉक्टरणीच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं की शस्त्रक्रिया होईपर्यंत गाडी चालवू नये. दुसरा कुणी ती चिठ्ठी खिशात ठेवून मोकळा झाला असता. वेंडेल दुसऱ्या दिवशी कचेरीत आपल्या खिडकीमागून उठला, फिरून पुढे आला आणि शेजारच्या खिडकीसमोरच्या रांगेत उभा राहिला. त्या खिडकीवर ओपल रॅडिच बसायची, वाहन परवान्यांचं काम पाहायची. एकोणीस वर्षं दोघं एका किटलीतली कॉफी प्यायले होते.

"ओपल, हे बघ—"

"नंबर घेतलाय का?" ओपल म्हणाली.

"कसला नंबर? अगं, मी आहे."

"दाराशी यंत्र आहे, मिस्टर क्वाम. तिथून नंबर घ्या आणि बसा. बोलावते."

मिस्टर क्वाम! परवा दुपारी याच बाईने त्याच्या डब्यातली मांस भरलेली पास्टी अर्धी मोडून खाल्ली होती. पण मागे पाच माणसं उभी होती आणि त्यातले तीन गेल्या महिन्यात वेंडेलने परत पाठवलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं होतं ते रविवारच्या प्रार्थनेतही पसरत नाही. वेंडेल नंबर घेऊन बसला. सत्तेचाळीस. त्रेचाळीस चालू होता.

ओपलने नियमाप्रमाणे त्याला यंत्रातली अक्षरं वाचायला लावली. उजव्या डोळ्याने त्याला अक्षरांच्या जागी कापूस दिसला. तिने वाहन परवाना घेतला, त्याच्या कोपऱ्याला भोक पाडलं आणि म्हणाली, "शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या सहीचा अर्ज आणा. पुढचा!"

वेंडेल खिडकीपासून बाजूला झाला. मागून ओपलचा आवाज आला, जरा खाली, कॉफीच्या वेळचा. "फार झालंय का रे? दुखतं का?" पण तेव्हा तिच्याकडे पाहायची त्याची छाती झाली नाही.

शस्त्रक्रिया सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरली. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी. डॉक्टरीण म्हणाली, सहा आठवडे बंदुकीचा दणका खांद्याला बसता कामा नये. वेंडेलने बोटांवर मोजलं. एक दिवस हाताशी उरत होता.

मग दवाखान्यातली परिचारिका एक तक्ता घेऊन आली. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायचं, त्यात तीन प्रकार होते. साधं भिंग विम्यातून. त्यावरचं स्वतःच्या खिशातून. त्याहून वरचं स्वतःच्या खिशातून आणि बायकोच्याही.

वेंडेलने तक्ता हातात घेतला. इथेही तीन! डोळ्यांच्या भिंगातही खालचं, मधलं, वरचं! त्याने लोरेटाकडे पाहिलं. लोरेटाने छताकडे पाहिलं. आर्विडला फोन लावला तर तो म्हणाला, "डोळ्यात आणि दातांत काटकसर करू नये," आणि वर म्हणाला की दुर्बीण परत करता येते, डोळा परत करता येत नाही.

"साधं आणि मधलं यांत फरक काय?" वेंडेलने विचारलं.

"तुमच्या डोळ्याला?" परिचारिकेने कागद पाहिला. "काहीच नाही. मधलं ज्या दोषासाठी असतं तो तुम्हाला नाहीच. साधं बसवा."

जन्मात प्रथमच वेंडेलने तीनांतलं सगळ्यात खालचं घेतलं. त्याला रात्रभर अपराधी वाटत होतं.

शस्त्रक्रिया पंधरा मिनिटांत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि वेंडेल घरी येऊन दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिला.

"हा सोफा कुणाचा?"

"आपला," लोरेटा म्हणाली.

"आपला तपकिरी आहे."

"सात वर्षं निळा आहे."

वेंडेल एक डोळा झाकायचा आणि उघडायचा. डाव्याने तपकिरी, उजव्याने निळा. पडद्यांवर फुलं होती. छताच्या कोपऱ्यात जाळं होतं. आरशात एक सुरकुतलेला, ओघळलेला गृहस्थ होता, त्याच्या वडिलांच्या चेहऱ्याचा. घाबरून तो वळला, तर समोर लोरेटा उभी. तिच्या डोळ्यांभोवती रेघांचं जाळं, कानांपाशी केस पांढरे शुभ्र. केव्हा झालं हे? कुणी सांगितलं का नाही?

"काय पाहतोस?" तिने विचारलं.

"लोरेटा... आपण म्हातारे झालो गं."

"मग? माझे डोळे चांगले होते," ती म्हणाली. "मी दहा वर्षं हेच बघतेय."

ऑक्टोबर लागला. शस्त्रक्रियेनंतरचा अर्ज घेऊन वेंडेल पुन्हा ओपलच्या खिडकीवर गेला. नंबर घेऊन, कुणी न सांगता.

"हा जुना अर्ज आहे, मिस्टर क्वाम. जुलैपासून नवा आलाय."

"हे कुठे लिहिलंय?"

ओपलने पेनाने त्याच्या मागे दाखवलं. वेंडेलने मागे पाहिलं. भिंतीवर फलक होता: *जुना अर्ज स्वीकारला जाणार नाही. कृपया वाद घालू नये.* खाली सही वेंडेलची. त्याने तो लावला तेव्हा त्याला तो नीट दिसलाही नसावा.

नवा अर्ज डॉक्टरणीकडे गेला, डॉक्टरीण परिषदेला गेलेली, तिची सही येईपर्यंत नोव्हेंबर उजाडणार. आणि वेंडेलची रजा ऑक्टोबरच्या शेवटच्या पाच दिवसांची, मंजूर झालेली, बदलता न येणारी. आर्विडचे गुडघे डोंगर चढायचे राहिले नव्हते, आणि गेल्या वर्षीचे तिघं त्या खोडानंतर त्याच्याबरोबर यायला तयार नव्हते. सोळा वर्षांचा परवाना टेबलावर पडला होता आणि त्याला डोंगरापर्यंत न्यायला कुणी नव्हतं. वेंडेल त्याच्याकडे पाहत बसला. या वेळी गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. अशी सोडत त्याच्या आयुष्यात पुन्हा लागणार नव्हती, हे त्याला माहीत होतं.

लोरेटाने भांडी पुसता पुसता विचारलं, "किती वाजता निघायचं असतं?"

"कुठे?"

"तुझ्या त्या घोडीच्या डोंगरावर."

"तू? तू कधी शिकारीला आली नाहीस."

"तू कधी बोलावलं नाहीस," ती म्हणाली.

हा धक्का बाकी सगळ्या धक्क्यांपेक्षा हळू आला आणि जास्त वेळ राहिला.

डेल्मारकडे जाऊन त्याने तीच पहिली दुर्बीण घेतली, मधली मधली, आठाची. डेल्मारने ती कपाटात मागे ठेवून दिली होती. "वाटलंच होतं येशील," तो म्हणाला. दुकानासमोरच्या फुटपाथवर उभं राहून वेंडेलने ती डोळ्यांना लावली आणि चार रस्त्यांपलीकडच्या तारेवरच्या पाखराच्या छातीवरचे ठिपके पाहिले.

पहिल्या दिवशी पहाटे दोघं डोंगराच्या खांद्यावर पोहोचले. नियमाप्रमाणे दोघांच्याही अंगात भडक नारिंगी बंड्या. लोरेटाने घडीची खुर्ची, कॉफीची बाटली आणि सहा सँडविच आणली होती. वेंडेलने तिला दबक्या आवाजात शास्त्र समजावलं. समोरच्या उताराच्या चौकटी पाडायच्या, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, एकेक चौकट सावकाश.

"अस्सं," लोरेटा म्हणाली.

उजाडलं. पलीकडचा उतार दुर्बिणीत लख्ख उभा राहिला. गवताच्या पात्यापात्यावरचं दव दिसत होतं. एक खोड दिसलं, आणि ते खोडच आहे हे त्याला तत्काळ कळलं. एक तास गेला. दोन गेले. चौदाव्या चौकटीत दोन माद्या, सतराव्यात एक अस्वल. वेंडेल राजासारखा पाहत होता.

"वेंडेल," लोरेटा म्हणाली.

"शू. एकोणिसावी चालू आहे."

"ते खालचं चालेल का?"

"खालचं कुठलं?"

"आपल्या पायाखालचं."

वेंडेलने दुर्बीण तशीच खाली वळवली. त्यात नुसती तपकिरी भिंत दिसली. दुर्बीण बिघडली! शेवटच्या क्षणी बिघडली! त्याने भिंग फिरवलं. भिंत हलली. भिंतीला एक ओला, काळा, निवांत डोळा होता.

त्याने दुर्बीण डोळ्यांवरून काढली. तीस पावलांवर, खालच्या झुडपांत उभा राहून, नर पाला खात होता. नाकातून वाफ निघत होती. शिंगं इतकी रुंद की दोन्ही टोकं एका नजरेत मावेनात. वेंडेलने दुर्बीण छातीवर सोडली. चार इंच, चार इंच... त्याच्या नव्या, विम्यातल्या, सगळ्यात साध्या भिंगाच्या डोळ्याने खालचं टोक मोजलं. चार कसलं, चौदा असेल.

"कायदेशीर आहे?" लोरेटाने कॉफीचा पेला ओठांपाशी तसाच धरून विचारलं.

"आहे."

"मग?"

बंदूक खांद्याला लावताना वेंडेल नेहमी मनात काहीतरी म्हणायचा. या वेळी काही सुचलं नाही. एक बार झाला. डोंगराने तो दोनदा परत म्हटला. नर दोन पावलं चालला, गुडघ्यावर बसला आणि मग कुशीवर झाला. पलीकडचं जंगल बराच वेळ गप्प होतं. लोरेटाच्या पेल्यातली कॉफी तिच्या बंडीवर सांडली होती आणि तिला ते कळलं नव्हतं.

मग ती उठली, बाह्या वर केल्या आणि हात पुढे करून म्हणाली, "सुरी दे. तुझ्याच्याने नीट होणार नाही." आणि तीनशे पोरांच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं घालवलेली बाई काय करू शकते हे वेंडेल पाहत राहिला. मांस खाली न्यायला दोघांना दोन दिवस आणि सहा खेपा लागल्या. गुडघे, पाठ, खांदे, सगळे अवयव वेगवेगळ्या आवाजात बोलत होते.

शनिवारी डेल्मारने दोघांना दुकानात बोलावलं. हंगामातला पहिला मोठा नर, भिंतीवर फोटो लावायचा होता. दहा-बारा माणसं जमली होती. आर्विड कुत्र्यासकट आला होता, ओपलही होती. डेल्मारने वेंडेलच्या गळ्यात दुर्बीण नीट मधोमध लटकवली, फोटो काढला आणि फोटोखाली लावायच्या पुठ्ठ्यावर लिहायला पेन काढलं.

"तर," तो म्हणाला, "पहिल्यांदा दिसला तेव्हा किती लांब होता?"

सगळे पुढे झुकले. वेंडेलने तोंड उघडलं. खोटं त्याला लिहिता येत नव्हतं, बोलता तर त्याहून नाही. आर्विडच्या चेहऱ्यावर आधीच काहीतरी फुटू पाहत होतं. 'तीस' हा शब्द वेंडेलच्या जिभेवर आला.

"लांब," लोरेटा म्हणाली. "फारच लांब होता. मला तर काही दिसलंच नाही. हा म्हणाला, हलू नकोस."

माणसांतून एक कौतुकाचा आवाज उठला. डेल्मारने पुठ्ठ्यावर 'आठशे गज' असं लिहून टाकलं. वेंडेल बायकोकडे पाहत उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ही बाई कुणाशीही, कशाबद्दलही खोटं बोललेली त्याने पाहिली नव्हती. पाद्र्याच्या बायकोला 'तुझं लोणचं आंबलंय' असं तोंडावर सांगणारी बाई! तिचा चेहरा मैद्याच्या गोळ्यासारखा शांत होता.

दोघं गाडीत बसून निघाले. ती चालवत होती.

"आठशे गज?" तो म्हणाला.

"आकडा डेल्मारने घातला. मी नुसतं लांब म्हटलं."

"तीस पावलं होती, लोरेटा."

"एल्कला तीस असतील," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "तुला तिथवर पोचायला सोळा वर्षं लागली."